डॉक्टरांचा सूड आणि माझा

"पोटाचं मागून सांग. घरात काय झालं, ते आधी बोल." नाडीवर बोटं ठेवून आमचे डॉक्टर पहिलं हेच विचारायचे. मी मिरजगावात त्यांचा कंपाउंडर होतो. बाहेर बाकावर रांग, आणि हे आत कुणाच्या तरी सासू-सुनेचं ऐकत बसलेले. असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. माझा मात्र जीव नुसता वरखाली व्हायचा.

एकदा एक म्हातारी डोकं धरून आली. डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही. "चार दिवस काष्टीला लेकीकडे जाऊन ये," म्हणाले. म्हातारी खडखडीत होऊन परतली, पदरात हरभऱ्याचे डहाळे घेऊन. डॉक्टरांनी ते बाकावरच्या सगळ्यांना वाटले. "यासाठीच शिकलो रे मी," म्हणाले. मी मनात म्हटलं, कठीण आहे.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गावच्या पुढाऱ्याने आपल्या विहिरीचं सडकं पाणी पाजलं. माणसं जुलाबांनी आडवी झाली. डॉक्टरांनी मामलेदारासमोर त्याचं नाव घेतलं. झालं, त्याने डूख धरला. "ह्यो सुईत नुसतं पानी भरतोय," असं बाजारात उठवलं. ज्यांच्या घरची बाळंतपणं डॉक्टरांनी केली, ती माणसं दारावरून मान वळवून जायला लागली. डॉक्टर रिकाम्या बाकाकडे बघत बसायचे. मला त्या पुढाऱ्याचा गळा दाबावासा वाटायचा.

आणि देवाने संधी दिली. कोपरगावकडची ऊसवाली मंडळी दवाखान्यात आली. पुढाऱ्याची मुलगी त्यांच्या मुलाला सांगून आली होती. सोयरीक ठरण्याआधी घरच्या डॉक्टरला गुपचूप विचारायची तेव्हा रीतच होती.

"पोरीला काय जुनं दुखनं न्हाई ना, डॉक्टरसायेब?"

होतं. क्षय होता. दुष्काळाआधी डॉक्टरांनीच रोज मळ्यात जाऊन, सुया देऊन तो मुळापासून बरा केला होता. त्या घराबाहेर हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. पण क्षय हा शब्द नुसता निघाला असता, तरी सोयरीक मोडली असती. मी बाटली धुता धुता थांबलो. घ्या साहेब, काढा उट्टं.

"मुलगी ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "खुशाल करा."

मंडळी गेल्यावर मी भांडलो. "लई चुकलं तुमचं. आयता घावला हुता."

"तिला मीच बरं केलं. आता मीच मारू?" त्यांनी चपला घातल्या. "चल, त्याला सांगून येऊ."

पुढारी ओट्यावर होता. डॉक्टर खालूनच म्हणाले, "तुमचे व्याही येऊन गेले. मुलगी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं." तो ओट्यावरून उठला. "च्या घ्या," म्हणाला. डॉक्टर "नको" म्हणून वळले.

वाटेत मला म्हणाले, "आता मला बघून तो जन्मभर मान खाली घालणार. याहून मोठा सूड तुला जमेल का?" आणि चक्क शीळ घालत चालले.

मान त्याने घातली खाली, पण तोंड उघडलं नाही. "मी खोटं बोललो," एवढं बाजारात म्हणायला मेल्याचं काय जात होतं? लग्न थाटात झालं. आमचा बाक अर्धा रिकामाच राहिला, आणि पुढल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले.

पुढारी खांदा द्यायला पुढे आला. डोळे भरलेले. "माज्या लेकीचा संसार ह्यांनी उभा केला," म्हणाला.

"हे बाजारात बोलायचं हुतं," मी म्हणालो, आणि त्याचा हात तिरडीवरून काढला.

डॉक्टरांनी त्याला खांदा देऊ दिला असता. पण त्या दिवशी ते बोलायला नव्हते.