देगलूरची काकी

माझा स्वभाव संशयी आहे. माहेरी यावरून चेष्टा व्हायची आणि सासरी आल्यावर त्याचा उपयोग झाला, कारण सासर किराणा दुकानदाराचं. उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे परसू. दुकानात कोण उगीच गोड बोलतंय, कोण तेलाचा पत्रा, म्हणजे पत्र्याचा डबा, वाकवून बघतंय, हे मला बसल्या जागी कळायचं. माझ्याहून एकच बाई या कामात तरबेज होती, ती म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि माझे मालक त्यांना अव्वा म्हणायचे, कारण आमच्याकडच्या लिंगायत घरांत निम्मी कानडी अजून जिभेवर आहे.

एकदा मालक दुकानातूनच ओरडून म्हणाले, "उद्या देगलूरहून काकी येणार हाय. मागची खोली झाडून ठेवा."

आत्याबाईंना आपली देगलूरची धाकटी जाऊ आठवली. दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. ती आपण होऊन येते म्हणजे काहीतरी काम असणार, असा आम्हा दोघींचाही अंदाज. तरी पाहुणी ती पाहुणी. आत्याबाईंनी पहाटे उठून पुरण घातलं, कटाची आमटी केली, ठेवणीतलं तूप काढलं. दुपारी मालक मोटारीतून उतरले ते डालगं घेऊन. डालग्यावरचं फडकं काढलं तर आत एक काळा कोंबडा आणि दोन काळ्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. देगलूरकडचे तेलुगू बोलणारे कावळ्याला काकी म्हणतात, आणि कावळ्यासारख्या काळ्या कोंबड्याच्या जातीलाही काकीच म्हणतात, हे मालकांनी आम्हाला हसतहसत सांगितलं. आत्याबाई हसल्या नाहीत. गळ्यात लिंग बांधलेल्या घरात कोंबडं आलं, आणि वर त्याच्यासाठी आपण पुरणपोळी केली, हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. परसूतल्या कोंबड्यांच्या कोपऱ्याकडे त्यांनी नंतर पाऊल टाकलं नाही.

आम्ही मांस खात नाही, अंडंही खात नाही. मग कोंबड्या कशाला, असं गाव विचारायचं. मालकांना फक्त पीस हवं होतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत निखळ काळं, उन्हात धरलं की हिरवी झाक मारणारं, आणि इतकं घट्ट की वर पाणी टाकलं तर आत शिरू नये. पिल्लं पिसावर आली की ते एकेकाला मांडीवर घेऊन पंख उलगडत. कुठे पांढरं पीस दिसलं, की ते पिल्लू बाजूला काढायचं. दुपारच्या उन्हानं काळा रंग तांबूस होतो म्हणून सावलीला तट्ट्या बांधल्या. चमक यावी म्हणून रोज मूठभर जवस. सुपारीसुद्धा न खाणाऱ्या माणसाला हे व्यसन लागलं होतं.

बाजूला काढलेली पिल्लं मारायची तर नाहीतच, म्हणून ते वाटून टाकत. घेणाऱ्याकडून वचन घेत, की अंड्यासाठी ठेवशील, कापणार नाहीस. लोक मान डोलावून घेऊन जात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उकिरड्यावर नजर टाकायची, तर पांढऱ्या ठिपक्याची पिसं वाऱ्यावर उडत असायची. मी सांगितलं की मालक म्हणत, "मांजरानं नेलं असंल." मालकांना गाव आप्पा म्हणायचं, आणि तेच लोक चावडीवर म्हणत, आप्पाच्या घरी चूल मागच्या दारानं पेटते, कोंबड्या काय नुसत्या बघायला पाळतो का वाणी? हे ऐकून माझा संताप व्हायचा. आमच्याच घरचं खाऊन आमच्यावरच आळ.

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबाद सुटलं आणि आम्ही लातूरचे झालो. नवा जिल्हा, नवे साहेब, आता रस्ता होईल, नळ येईल, असं सगळे म्हणत होते. आला तो दुष्काळ. पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं लोक आधी चेष्टेनं म्हणायचे, पुढे खरंच म्हणायला लागले. विहिरींचे तळ दिसले. टँकर यायचा, त्याच्यामागे सगळं गाव घागरी घेऊन धावायचं. घरात अंघोळ फक्त सोमवारी, पूजेपुरती. मी रांजणात रोज काडी बुडवून पाणी बघायची. तेलाच्या पत्र्यातही तशीच काडी घालायची, कारण तंगीच्या दिवसांत कोण काय उचलेल याचा नेम नाही.

एके सकाळी पाटील परसदारानं आत आले. ज्या माणसानं कधी आमच्या परसूत डोकावलं नव्हतं, तो डालग्यापाशी उकिडवा बसून म्हणाला, "लई देखणा हाय हो आप्पा. एक ठिपका न्हाई अंगाला."

माझ्या हातातलं सूप थांबलं. गोड बोलणं संपायची मी वाट बघत होते.

"पोतराजाच्या अंगात आलं व्हतं," पाटील म्हणाले. "मरीआईला काळा कोंबडा पाहिजे. बेदाग. पंचक्रोशीत असा तुमचाच एक हाय."

मालकांनी गळ्यातल्या, लिंग ठेवलेल्या चांदीच्या डबीला हात लावला. "पाटील, हे हाय ना गळ्यात. जीव कापायला कसा देऊ?"

"तुमी कापू नका. तुमी निस्ता द्या."

"द्यायचं आन कापायचं ह्यात फरक काय राहिला?"

पाटील हसून उठले, पण ते हसू मला आवडलं नाही. दोन-चार दिवसांत गावाची नजर बदलली. टँकरवर बायका माझ्या घागरीला आपली घागर लागू देईनात. दुकानात गिऱ्हाईक येईना, आलं तर उभ्याउभ्या जाई. आप्पानं पाऊस अडवून धरलाय, असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण पाठ वळली की कुजबूज ऐकू यायची. कोंबडा दिला तर आमच्या हातून धर्म जाणार होता, आणि न दिला तर गावातून उठायची वेळ येणार होती. दुष्काळात उठून जायचं तरी कुठे?

मालक रोज उजाडलं की कोंबड्याला मांडीवर घेऊन एकेक पीस उलटं करून बघू लागले. इतकी वर्षं जे पांढरं पीस दिसलं की काळजात धस्स व्हायचं, तेच आता ते शोधत होते. एक सापडलं असतं तर कोंबडा सुटला असता. पंखाखाली, मानेत, शेपटीच्या बुडाशी, कुठेच नाही. इतकं चोख काम आपण कशाला केलं, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं आणि मला गलबलून यायचं.

"चुन्याचं एक बोट लावा," मी म्हटलं.

"देवीसंगं लबाडी न्हाई करायची," ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी पाटलाला सांगून येतो. कौल घ्या म्हणावं. पाणी घाला. अंग झाडलं तर तुमचा, न्हाई झाडलं तर माझा."

मला वाटलं यांचं डोकं फिरलं. आमच्याकडची रीत अशी, की देवीपुढं जनावर उभं करून त्याच्या पाठीवर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं की देवीनं मान्य केलं. पण पाणी पडल्यावर अंग न झाडणारं जनावर आजवर कोणी बघितलं होतं? पाटलांनी लगेच हो म्हटलं, यातच काय ते आलं. "ह्याच्या पिसात पाणी शिरतच न्हाई," मालक मला समजावत होते. "त्याला कळलंच न्हाई तर झाडंल कशाला?" ते एवढ्या शांतपणे म्हणाले, की माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी खात्री कशाची?

कौल मंगळवारी ठरला. त्या सकाळी मी सवयीनं तेलाच्या पत्र्यात काडी घातली. आदल्या दिवसापेक्षा करडईचं तेल कमी होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, चुलीवर तळण नव्हतं. मी मालकांकडे बघितलं. ते डालग्यावर फडकं बांधत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मनात सगळा हिशेब लागला. चुन्याला नाही म्हणणारा माणूस तेलाला हो म्हणाला होता.

मरीआईच्या देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. आत्याबाई आल्या नाहीत, त्या कशाला येतील? पोतराजानं तांब्या उचलला तेव्हा लोक कोंबड्याकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होते. पहिली धार पाठीवर पडली आणि घरंगळून खाली गेली. कोंबडा उभा. दुसरी धार. त्यानं मान तिरकी करून पोतराजाकडे बघितलं, बस्स. तिसऱ्यांदा पूर्ण तांब्या रिता झाला. पाणी मातीत जिरलं आणि कोंबड्यानं एक पीससुद्धा हलवलं नाही.

"आईला न्हाई पाहिजे," पोतराज हळू आवाजात म्हणाला.

"तेल लावलंय!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. पाटलांनी कोंबड्याच्या पाठीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. पण कोंबडा वाण्याच्या घरचा. आमच्या हातांना, कपड्यांना, भिंतींना करडईचाच वास. त्यावरून काय ठरणार?

"आप्पा," पाटील म्हणाले, "लिंग हातावर घिऊन सांगा. मग आमचं काई म्हणणं न्हाई."

गाव रुसलं तर पुन्हा समजूत निघेल, पण लिंग हातावर घेऊन खोटं बोललेल्या माणसाला आमच्यात कुठे तोंड दाखवायचं? मी मनात म्हणत होते, नका, द्या तो कोंबडा, नका. मालकांनी डबी उघडली, लिंग डाव्या तळव्यावर घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "माझ्या कोंबड्याच्या पिसाला तेलाचा थेंब लागलेला न्हाई. ही पिसं माझ्या मेहनतीची हायेत."

गर्दी सैल झाली. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. लोक पिसांना हात लावून बघू लागले, आणि मी एकटीच घराकडे निघाले. रस्ताभर डोळ्यांतलं पाणी थांबेना. एका पाखरासाठी माझा नवरा देवाशी खोटं बोलला होता.

घरी आत्याबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या होत्या. "पाणी दे गं अंघोळीला," म्हणाल्या.

वार मंगळवार, आणि अंघोळ तर सोमवारीच झालेली. मी जागीच थांबले. त्यांच्या मनगटावर ताजी रक्ताळलेली खूण होती, आणि पदराच्या टोकाला तेलाचा डाग.

"मुडद्यानं चोच मारली बघ," त्या म्हणाल्या. "शिवलं तर अंघोळ नको का करायला?"

"आत्याबाई, तुम्ही?"

"मग कोन? त्यानं लावलं असतं तर शपथ घिता आली असती का त्याला? गाव मला म्हाईत हाय. लिंग हातावर घ्यायला लावणार, हे मला पाटील आला त्याच दिशी कळलं व्हतं. म्हनून त्याला काई सांगितलं न्हाई. मी न्हाई लावलं, असं पोरगं खरं खरं म्हनू दे."

मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. रांजणातलं होतं नव्हतं ते सगळं पाणी मी त्यांना काढून दिलं. त्या न्हाऊन आल्या, आणि कपाळाला विभूती लावता लावता सहज विचारलं, "काय म्हनला गं शपथेला?"

मी शब्द न् शब्द सांगितला.

त्यांचा हात कपाळापाशीच राहिला. मलाही तेव्हाच उमगलं. मी लावलं नाही, एवढंच म्हणायचं सोडून, थेंब लागलेला नाही असं मालक म्हणाले होते. स्वतःच्या पिसांवर इतका विश्वास, की त्यांनी शपथ स्वतःची न घेता पिसांची घेतली. आणि पिसांना तर तेल होतं.

"त्याला कळता कामा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मरंस्तवर न्हाई. शपथ हाय तुला."

तेवढ्यात मालक आले. कोंबडा काखेत, डोळे चमकताहेत. "अव्वा, पाहिलीस का माझी पिसं? पाणी शिरलंच न्हाई!" आणि त्यांनी कौतुकानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. हात फिरवता फिरवता ते जरा थांबले, आणि बोटांकडे बघू लागले.

"दे हिकडं," आत्याबाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "तेलाची वाटी आन. गावाची नजर लागली असंल त्याला."

त्या तिथेच पाटावर बसल्या. कधी त्या कोपऱ्याकडे न फिरकलेल्या माझ्या सासूनं तो कोंबडा मांडीवर घेतला आणि मुलाच्या देखत त्याला मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोळलं, पीस न् पीस, सगळा ओला होईपर्यंत. मालक बोटांकडे बघायचं विसरले. ते आईकडेच बघत राहिले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "अव्वा," एवढंच म्हणत होते. आपल्या कोंबड्याला अव्वानं हात लावला, हे त्यांना देवीच्या कौलापेक्षा मोठं वाटलं.

आत्याबाईंनी कोंबडा खाली सोडला, हात पुसले आणि तशाच बसून राहिल्या. दुसऱ्यांदा अंघोळ करायला घरात पाणी नव्हतं.