शुद्ध केलेलं शीर्षक

आमच्या महाविद्यालयाचं एक संशोधन नियतकालिक निघतं. कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या अशा नियतकालिकांची एक जागतिक सूची आहे. तिच्यात आमच्या लेखांचा मेटाडेटा भरायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे होतं. लेखाचं नाव, लेखकाचं नाव, सारांश, दुवा. कंटाळवाणं काम. पण नाव चुकलं तर शोधणाऱ्याला लेख सापडत नाही, म्हणून मी अक्षर न् अक्षर ताडून बघायची.

गेल्या अंकात मराठी विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेचा लेख होता. ती शेलूबाजारच्या मुसलमान घरातली, वडिलांचं चपलांचं दुकान. बाजारात भाजी विकणाऱ्या बायांजवळ बसून तिनं त्यांचं बोलणं टिपलं होतं. लेखाचं नावही त्यांच्यातल्याच एकीच्या तोंडचं: ‘मले काहून इचारता?’ मी तसंच भरलं.

आठवड्याभरात ती मोबाइल घेऊन ग्रंथालयात आली. “मॅडम, हे कोणं बदललं?”

सूचीत दिसत होतं, ‘मला का विचारता?’ सारांशातल्या बायाही पुस्तकी बोलत होत्या.

पासवर्ड दोघांकडेच होता. माझ्याकडे आणि विभागप्रमुखांकडे, संपादक तेच. मी तशीच उठले, ती मागोमाग आली.

“सर, शीर्षक तुम्ही बदललंत?”

“बदललं नाही, शुद्ध केलं. जगभर जाणार ते. आपली शोभा कायले करून घ्यायची?”

कायले! तिच्याच भागातल्या किन्हीराजाचा माणूस, तोंडातून ‘कशाला’ नाही, कायलेच निघालं. माझं डोकं फिरलं.

“लेख त्या बोलण्यावरच आहे, सर. छापलेल्या लेखावर एक नाव अन् सूचीत दुसरं?”

“तिचं मराठी मुळातच कच्चं,” ते म्हणाले. “त्यांच्या घरी काय बोलतात, माहीत आहे ना आपल्याला.”

ती दारातच उभी होती. एम.ए.ला मराठी तिला त्यांनीच शिकवलेलं.

तीच बोलली. “घरी हिंदी बोलतो, सर. बाजारात हे बोलतो. तुमी बी आता हेच बोलून राह्यले.”

सरांनी समोरचा पेपर उचलला आणि वाचायला लागले. जणू आम्ही तिथं नव्हतोच.

मी खाली आले, मूळ शीर्षक आणि मूळ सारांश पुन्हा भरून पाठवला. त्याच दुव्यावर नवी माहिती पाठवली की जुनी पुसली जाते. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला होता. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही पुस्तकांकडे लक्ष द्या.” हे काम आता दुसऱ्याकडे आहे.

शीर्षक मात्र अजून तिचंच दिसतं. सरांनी ते परत का बदललं नाही, मला माहीत नाही. लाज वाटली असेल, असं मला मुळीच वाटत नाही. जिन्यात भेटले की ते हसून नमस्कार करतात आणि माझ्या अंगाची आग होते.

तिनं पुढचा लेख आमच्या अंकाला दिला नाही. मीही दे म्हटलं नाही.