कापसाच्या रांगेतला पहारा

मी फौजेत गेलो तेव्हापासून गावात कुणी विचारलं, "पोरगा काय करते तिकडं?" की बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "उभा राह्यते." लोक हसायचे, बाबाही हसायचे. एकदा सुट्टीत मी त्यांना पहारा म्हणजे काय ते समजावून सांगायला बसलो. खांद्याला रायफल, समोर बर्फ, आणि बदलीचा माणूस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे उभंच राहा लागते ना?" मला असा राग आला की मी जेवायचं नाही असं जाहीर केलं. संध्याकाळी आईनं झुणका केला, तेव्हा तो निश्चय मोडला.

बाबांचं चुकत होतं असंही नाही. त्यांच्या लेखी काम म्हणजे वखर, डवरा, वेचणी. हात हलले पाहिजेत, घाम आला पाहिजे. नुसतं उभं राहणाऱ्याला आमच्याकडे रिकामा म्हणतात.

ती कापसाचा भाव पडल्याची वर्षं होती. मुलींचे बाप शेती किती हे विचारायचेच नाहीत, आधी नोकरी विचारायचे. कापसाचा भाव उतरला तसा माझा चढला होता, आणि मीही तो चढू देत होतो. दारव्ह्याकडची एक मुलगी पाहायला गेलो. पोह्यांच्या बश्या ठेवून ती आत गेली नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी तिथं नेमकं करता काय?" आजवर हा प्रश्न मला इतक्या खरेपणानं कुणी विचारला नव्हता. मला ती तिथंच आवडली. पण तोंडातला घास गिळेपर्यंत बाबा बोलून मोकळे झाले. "उभा राह्यते."

सगळी बैठक हसली. एकटे मुलीचे वडील हसले नाहीत. निघताना म्हणाले, "कळवतो." या शब्दाचा अर्थ आमच्या भागात लहान लेकरालाही समजतो. परतीच्या एस्टीत मी बाबांच्या शेजारी बसलो नाही. मागं जाऊन कुणाच्या तरी डिझेलच्या डब्याशेजारी बसलो.

कळवणं काही आलं नाही. सुट्टी संपत आली होती, आणि कापूस घेऊन नेरच्या खरेदी केंद्रावर जायची पाळी आली. तिथं बंड्यांची, म्हणजे कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची, रांग पार डांबरी सडकेपर्यंत. आज कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर नाही, उद्या माल टाकायला जागा नाही, असं करत रांग मुक्कामाला पडली होती. पण खरं सांगू, मजा होती. सडकेपलीकडे दगडांच्या चुली, भाजलेल्या वांग्यांचा वास, ज्याच्या घरून चटणी येईल तो सगळ्यांना वाटायचा. पडलेल्या भावाला शिव्या घालतानाही माणसं रंगून जायची.

तापदायक दोनच गोष्टी होत्या, गावातल्या बकऱ्या आणि बिड्या. बकऱ्या बंडीला पुढचे पाय लावून खुशाल कापूस ओढायच्या. आणि एका दुपारी कुणाच्या तरी बिडीची ठिणगी आमच्या पुढच्या बंडीवर पडली. चार जणांनी धावून तो धुमसणारा कापूस उपसून फेकला म्हणून निभावलं.

मग माझ्यातला फौजी जागा झाला. मी रांगेत ड्यूट्या लावल्या, दोन-दोन तासांच्या. रांगेत बिडी नाही. परक्याला हटकायचं, "थम, कौन आता है?" आणि बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग साक्षात ग्रेडर येवो. लोकांना खेळच मिळाला. बाबा म्हणाले, "झालं, आता सारं नेर उभं करते हा." तरी त्यांची पाळी आली तेव्हा तुतारी घेऊन गेले. तुतारी म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी, वाजवायची नव्हे.

दुपारची वेळ. त्यांच्यानंतर माझीच पाळी होती, म्हणून मी बंडीखाली सावलीत पडलो होतो. पडल्या पडल्या बघत होतो. सुरुवातीला ते बकऱ्यांशी बोलत होते. मग गप्प झाले. मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. टोपी काढून घाम पुसला. जन्मभर उन्हात राबलेला माणूस नुसता उभा राहून घामेजला होता. मला हसू येत होतं.

तेवढ्यात त्यांचा आवाज कडाडला. "थम! कौन आता है?"

बघतो तर समोर दारव्ह्याचे पाहुणे, मुलीचे वडील. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात पेटती बिडी. घरी विचारून, मला न कळवता बघायला आले असणार. ते भांबावून म्हणाले, "अहो, मी हावो. ओळखलं नाही का?"

"ओळखलं," बाबा म्हणाले. "बिडी इझवा आधी."

होऊ घातलेल्या सोयऱ्याला भर उन्हात थोपवायचं, ना राम राम, ना पाणी. आता "कळवतो" सुद्धा नशिबी नव्हतं. मी चप्पल शोधत, शर्ट खोचत धावलो. पाहुण्यांनी बिडी जोड्याखाली चुरडली होती, तरी बाबा जागचे हलले नव्हते. मी पोचलो, तुतारी हातात घेतली, बंड्यांकडे पाठ करून उभा राहिलो. तेव्हा कुठं त्यांनी दोन्ही हात जोडले. "राम राम पाहुणे. या, बसा सावलीत. ड्यूटीवर होतो, राग मानू नका."

दोघं माझ्यामागे बंडीच्या सावलीत बसले. पाण्याचा तांब्या खणखणला. मला वळून बघायची सोय नव्हती. नियम माझाच होता.

जरा वेळानं पाहुण्यांनी विचारलं, "खरं सांगा, पोरगा तिथं करते काय?"

"उभा राह्यते," बाबा म्हणाले.

या खेपेला कुणी हसलं नाही. बाबांनी घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज आला. "मी आत्ता दोन घंटे राह्यलो त पायाच्या पिंडऱ्या फुटाले आल्या. हा सहा वरसं झाले उभा हाय. बर्फात. मले आज समजलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. समोर दोन बकऱ्या माझ्याकडे बघत होत्या, त्यांना काय ते वाटो.

पाहुणे म्हणाले, "पोरगी रोज पुसते, कळवलं का म्हणून. तारीख काढा."

माझं लग्न असं माझ्या पाठीमागे ठरलं. मी वळलो मात्र नाही, ड्यूटी आत्ताच तर सुरू झाली होती.