मुकादमाचं बोट

अबकारीच्या जमादारानं माझ्या लेकराच्या तोंडाला नाक लावलं आणि ओरडला, "अफू. ही बाई अफू चोरती."

गुळाच्या वखारीचं फाटक. संध्याकाळची झडती. सगळ्या हमालांसमोर मला पदर झाडायला लावला, ओटी सोडायला लावली. काही सापडलं नाही. तरी मुस्काटात बसली.

"जमादारसाहेब, रोज सकाळी मुकादमच चाटवत्यात की पोराला," मी म्हणाले. मुकादम शेजारीच उभा होता. तो हमालांची डोकी मोजायला लागला.

आम्ही बायका गुळाच्या ढेपांना गोणपाट शिवायचो. पोरं रडली की आमचे हात थांबायचे. म्हणून मुकादम पाण्यात अफू उगाळून स्वतःच्या बोटानं एकेका पोराला चाटवायचा. आम्हाला पाणी वरून ओतणारा हा माणूस. अफू चाटवताना त्याला विटाळ होत नव्हता. पोर दिवसभर मेल्यासारखं पडायचं आणि माझं दूध चोळीत झिरपून जायचं.

झडती चालू असतानाच वखारीच्या मालकाच्या, शेठच्या गाड्या स्टेशनाकडे निघाल्या. चुन्याची खूण केलेल्या ढेपांच्या पोटात अफू होती. मुंबईच्या बंदरातून ती समुद्रापार जायची. वखारीत सगळ्यांना ठाऊक. जमादारालाही. त्याचा हप्ता बांधलेला होता. त्यानं गाड्यांना सलाम ठोकला. शेठ हसत म्हणाला, "लढाई अजून दोन वर्सं चालू दे. मालाला लई भाव हाय."

त्याच लढाईत माझा नवरा होता, इंग्रजांच्या पलटणीत, समुद्रापार बसऱ्याला. जिवंत आहे का, तेही कळत नव्हतं. माझ्या डोक्यात जाळ झाला.

सकाळी मुकादम बोट बुडवून आला. मी पोराच्या तोंडावर हात धरला.

"न्हाई."

"रडलं तर कामाला येऊ नगंस."

"रडू दे."

काम गेलं. पण पोराच्या अंगातली अफू जाईना. ते थरथरायचं, किंचाळून त्याचा घसा बसला. गल्लीच्या तोंडालाच परवान्याचं अफूचं दुकान. शेजारीण म्हणाली, "जरा चाटव बाई, न्हाईतर मरंल त्ये." मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि परत फिरले. पुन्हा टाकला, पुन्हा फिरले. दुसऱ्या वखारीत जावं, तर तिथंही असाच बोट बुडवणारा मुकादम होताच. सगळीकडून कोंडलेली होते मी.

पोराला छातीशी आवळून बसले आणि ठरवलं. मेलं तर त्याला उचलून शेठच्या गाड्यांना आडवी जाईन, चुन्याच्या खुणेची ढेप भर रस्त्यात फोडीन.

जगलं तरी फोडीनच.