साखर आहे का?

विद्यापीठातल्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते मी लपवतही नाही. मी शिरूरजवळच्या न्हावरे गावची सून. माहेर दौंड, शिक्षण बी.ए., घरी ऊस, कांदा आणि म्हशी. पुण्याच्या एका विद्यापीठानं आमच्या भागात प्रकल्प आणला, तेव्हा 'स्थानिक सहाय्यक' म्हणून मला घेतलं. कारण मला लिहितावाचता येत होतं आणि दारात स्कूटी होती. प्रकल्पाचं नाव इतकं लांब की बॅनरवर दोन ओळींतसुद्धा मावत नव्हतं. त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांना दवाखाना परवडत नाही त्यांचे आजार शोधायचे आणि तपासणी त्यांच्या दारात न्यायची. हेतू चांगला होता. आली ती माणसं मात्र नाकानं कांदे सोलणारी.

आधी शिरूरला आमचं ट्रेनिंग झालं. प्रत्येकाला एक कापडी पिशवी आणि टोपी मिळाली. प्रमुख मॅडम हातमागाची साडी नेसून आल्या होत्या आणि दर वाक्यात 'समुदाय' म्हणत होत्या. प्रश्नावलीत कुणा शहाण्यानं सरळ लिहिलं होतं, 'तुम्हाला शुगर आहे का?' मॅडमना ते खुपलं. शुगर हा इंग्रजी शब्द, तो गरिबांवर लादलेला, आपण समुदायाच्या भाषेत बोललं पाहिजे, असं म्हणत त्यांनी तिथं 'साखर' लिहायला लावलं.

मी हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे आजाराला शुगरच म्हणतात. साखर म्हणजे कारखान्याची."

मॅडम हसल्या. बालवाडीतल्या पोरीकडे बघून हसतात तशा. मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मातृभाषा' लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

आता यात न समजण्यासारखं काय आहे? आमच्याकडे ज्याचा कारखान्यात शेअर, तो सभासद, आणि सभासदाला दिवाळीला स्वस्तात साखर मिळते. घरात साखर असणं ही मानाची गोष्ट आहे. शुगर असते रक्तात, ती डॉक्टर सांगतो. आमच्या शेंबड्या पोरालाही या दोन्हींतला फरक कळतो. पीएच.डी. झालेल्यांना कळला नाही.

ओढ्यापलीकडे शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या एक मावशी आमच्याकडे कांदे काढायला येतात. दिवाळीच्या आधीपासून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. हळद भरून चिंधी बांधायच्या आणि कामाला यायच्या. त्यांना शुगर आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. सरकारी दवाखान्यात कधीतरी सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. गोळ्या संपल्या आणि दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा जाणं काही झालं नाही. मी मागे लागले की म्हणायच्या, "कांदं निघू द्या वैनी. आन् आता तुमचं ते शिबिर येणारच हाय की गावात. तिथंच दावते."

वस्तीत प्रश्न विचारायला मॅडम स्वतः आल्या, कारण त्या दिवशी फोटोवाला सोबत होता. मावशींच्या दारात बसून त्यांनी फार मायेनं विचारलं, "मावशी, तुम्हाला साखर आहे का?"

मावशी लाजल्या. "न्हाई वं बाई. आमी कुठलं सभासद?"

मॅडमनी 'नाही'वर खूण केली आणि समासात लिहिलं, 'बचत गटाची सभासद नाही'.

"मॅडम, शुगर विचारा," मी म्हटलं.

"ताई, ट्रेनिंगमध्ये काय शिकलो आपण? समोरच्याला उत्तर सुचवायचं नाही."

"मग त्यांचा पाय तरी बघा."

"पायाचे प्रश्न पुढच्या भागात आहेत."

आणि पुढचा भाग ज्यांना साखर आहे त्यांनाच विचारायचा होता. असली अक्कल फुकट मिळत नसावी, त्यासाठी वर्षानुवर्षं शिकावं लागत असणार. मी शिरूरच्या बैठकीत पुन्हा हा विषय काढला, तर 'डेटा गोळा होताना शब्द बदलता येत नाही' असं ऐकवण्यात आलं. शब्द बदलला कुणी होता, हे विचारायची सोय नव्हती.

निष्कर्ष निघाला तो ऐकण्यासारखा होता. कष्टामुळे मजुरांना मधुमेह जवळजवळ होतच नाही, आणि बागायतदारांच्या मात्र घरटी मधुमेह. शिरूरच्या पुढच्या बैठकीत पडद्यावर रंगीत आलेख झळकले. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हा 'अनपेक्षित शोध' असल्याचं सांगितलं. मग रक्त, डोळे आणि पाय तपासायचं शिबिर बागायतदारांच्या आळीला दिलं, आणि वस्तीला दिलं हात धुण्याचं प्रशिक्षण. वस्तीत नळाला पाणी एक दिवसाआड येतं.

शिबिराला मांडव घातला, चहा-पोहे ठेवले. सोसायटीचे माजी चेअरमन, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, ते इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या खुर्चीवर बसले. त्यांच्या मागोमाग बाकीचे. रक्त तपासलं तर बहुतेकांचं ठणठणीत. मॅडमचा चेहरा उतरला. लोक निरोगी निघाले म्हणून हिरमुसलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आप्पा, तुम्ही तर साखर आहे म्हणाला होता."

"हाय की! पोतंभर हाय. तुमाला लागती का?"

सगळा मांडव हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मशीन तपासायला सांगितलं.

तेवढ्यात मला मांडवाच्या दोरीपाशी मावशी दिसल्या. लंगडत ओढा ओलांडून आल्या होत्या. एक टोपीवाला त्यांना अदबीनं समजावत होता, की त्यांच्या वस्तीचं हात धुण्याचं शिबिर वेगळं आहे. मावशी मान डोलावून परत फिरत होत्या.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, आता तरी कळलं ना? अर्धं सामान शिल्लक आहे, वस्ती ओढ्यापलीकडे आहे, उचला आणि चला.

"असं मध्येच केलं तर सॅम्पलिंग बिघडतं, ताई. पुढच्या टप्प्यात बघू."

मला त्या बाईची शिसारी आली. टोपी आणि पिशवी तिथंच खुर्चीवर टाकून मी निघाले. शिल्लक सामान एसी गाडीतून पुण्याला परत गेलं, आणि आप्पांनी भेट दिलेली कांद्याची गोणीही त्यातूनच गेली. ते कांदे मजुरांनीच काढलेले होते.

मावशींना स्कूटीवर बसवलं आणि दौंडला नेलं. तिथल्या दवाखान्यात माझ्या भावाची ओळख आहे. डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा वर चढला होता. पाऊल काढावं लागलं. मावशींनी एकच विचारलं, वाफ्यात बसून खुरपता येईल का. डॉक्टर बघू म्हणाले.

त्यांच्या खाटेशी बसले होते तेव्हा मॅडमचा फोन आला. पुण्यात समारोपाचा कार्यक्रम होता. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "ताई, मावशींना व्यासपीठावर आणता येईल का? त्यांची गोष्ट फार पॉवरफुल आहे. गाडी पाठवू."

मी काही बोलायच्या आत मावशींनी विचारलं, "त्याच बाई का?"

"त्याच."

"त्यास्नी इचारा की, तवा मला साखर कशापायी इचारली? शुगर इचारली असती तर हाय म्हनले असते की मी."

फोन चालूच होता. मी तो तोंडाजवळच ठेवला, पलीकडे नीट ऐकू जावं म्हणून.

"त्यांना वाटलं, मावशी, तुम्हाला इंग्लिश येत नाही."

मावशी हसल्या. चांगल्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "वैनी, चादर जरा खाली ओढा. पावलाला गार लागतंय."

कुठल्या पावलाला ते मी विचारलं नाही. चादर खाली ओढली आणि फोन बंद केला.