राक्षसाच्या तोंडावरचा रुमाल

धुळ्यात नाट्यगृहासमोर इस्त्रीची टपरी चालवणाऱ्या भाऊंजवळ परीराणीच्या त्या जुन्या संगीत बालनाट्याचा विषय काढू नये. काढला की इस्त्री उभी राहते आणि आपला शर्ट अर्धाच राहतो. "पहिल्या खेपेला राक्षस मागच्या दारातून, पोरांच्या मधून यायचा. दुसऱ्या खेपेला गाणी टेपवर लावली, तिथंच मजा गेली."

यंदा ते नाटक पुन्हा येणार म्हणून नाट्यगृहाच्या फाटकाशी पोस्टर लागलं. परी कोपऱ्यात आणि राक्षस मधोमध, दात विचकून. मला आवडलं, आणि मी तसं बोलून बसलो. भाऊंनी माझ्याकडे जळक्या कॉलरकडे बघावं तसं बघितलं.

"बठ्ठं पोस्टरवरच दखाडी टाकं, मंग पोरे काय घाबरतीन?" राक्षस बाहेरच दिसला तर आत पोरं कशाला घाबरतील, हा त्यांचा सवाल.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांत माझा एक रुमाल कमी भरला. तो समोरच सापडला. कडक इस्त्री करून, चार टाचण्यांनी राक्षसाच्या तोंडावर लावलेला. नाट्यगृहाच्या शिपायाने तो दोनदा काढला, भाऊंनी दोनदा परत लावला. मला म्हणाले, "नाटक झालं की देतो."

रविवारी दुपारच्या खेळाला आतून पोरांची किंकाळी थेट रस्त्यापर्यंत आली. भाऊंनी इस्त्री उभी केली, रस्ता ओलांडला, रुमाल काढला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. राक्षस जणू त्यांनीच आत सोडला होता, असा चेहरा.

तेवढ्यात संध्याकाळच्या खेळाची पोरं तिकीट खिडकीशी जमायला लागली. भाऊ माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत राहिले.

मीच टाचण्या मागितल्या.