अंबरातला नर

माझ्या वयाच्या मुली तेव्हा कॉल सेंटरच्या मुलाखती देत होत्या आणि मी जयपुरात बसून एका मेलेल्या प्राण्याचे पाय मोजत होते. कितीही वेळा मोजले तरी सातच भरत. असायला हवे होते आठ. दोन हजार सालानंतरची ही चार-पाच वर्षं. बाबा विमा कंपनीत अधिकारी, साताऱ्याहून बदली होऊन आलेले, बनी पार्कात भाड्याचं घर. पुढची बदली कधीही येईल या धाकात मी प्राणिशास्त्राचा प्रबंध लिहायला घेतला होता.

प्राणी होता हार्वेस्टमन. मराठीत त्याला रूढ नाव नाही, कारण मराठी माणूस त्याच्याकडे बघून ‘कोळी’ म्हणतो आणि चप्पल शोधतो. तो कोळ्याच्या गोतावळ्यातला असला तरी कोळी नव्हे. कोळ्याला कंबर असते, याला नसते. अंग मसुराच्या दाण्यासारखं एकसंध. पाठीच्या मधोमध एक उंचवटा आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक डोळा. हा जाळं विणत नाही, याला विष नाही. पायांची दुसरी जोडी सगळ्यांत लांब, तिने तो वाट चाचपत जातो, आणि कुणी पकडलं तर पाय तिथेच टाकून पळतो. हे मी इतक्यांना ऐकवलं होतं की आमचे दूधवाले भैयासुद्धा एकदा पाहुण्यांना म्हणाले, “हाँ जी, कमर नहीं होती.”

जिवंत नमुना मिळावा म्हणून मी तीन रविवार शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर दगड उलटत फिरले. मागून आई पोह्यांचा डबा घेऊन. दोन विंचू मिळाले, एक हरवलेली चप्पल मिळाली, आणि एका झुडपामागे एक जोडपं मिळालं. आईने तिथून मला असं ओढून नेलं की बाकीचे दगड उलटायचे राहून गेले.

मग बाबांच्या एका पॉलिसीधारकाने माझी सोय केली. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, त्यांची रत्नांची पेढी होती. ब्रह्मदेशाकडून आलेल्या मालात त्यांना अंबराचा एक आवळ्याएवढा तुकडा सापडला होता. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाचा डिंक, दगड झालेला. त्यात माझा प्राणी बसलेला. “नुक्सवाला पत्थर है, ले जाओ,” ते म्हणाले. ज्याच्या पोटात काही अडकलंय ते रत्न त्यांच्या लेखी बाद. मी तो तुकडा रुमालात गुंडाळून घरी आणला आणि त्या आनंदात दोन दिवस नीट जेवले नाही.

बाबांनी विम्याचा कोरा फॉर्म काढून त्यावर गंभीरपणे लिहिलं: मृत्यूचं कारण, डिंक. निष्काळजीपणा होता का, होय. “नॉमिनी म्हणून तुझं नाव घालतो,” म्हणाले. “पण एक पाय कमी हाय त्याचा, आधीचं अपंगत्व लपवलं म्हणून क्लेम अडकल.”

पाय कमी असण्याने माझं काही अडत नव्हतं. मरायच्या आधीच त्याने तो टाकला असणार. अडत होतं भलतीकडेच. हार्वेस्टमनचं वर्गीकरण पाय किंवा पाठ बघून फार पुढे जात नाही. कुठल्या कुळातला हे छातीठोक सांगायचं तर नराचं जननेंद्रिय बघावं लागतं. एरवी ते पोटाखालच्या झाकणाआड असतं. पण डिंकात अडकल्यावर या बिचाऱ्याने सुटायला जिवाचा आटापिटा केला असावा आणि अंगातला दाब वाढून ते बाहेर आलं असावं, कारण तिरक्या उजेडात पोटाखाली मला काहीतरी सुईसारखं दिसत होतं. अंबर त्या बाजूने गढूळ आणि खरबरीत होतं. तेवढं घासून चकचकीत झालं, की प्राणी थेट नव्या कुळाचा ठरला असता. नाहीतर माझ्या प्रबंधात एक अनोळखी मृतदेह, एवढंच. माझे मार्गदर्शक सर पन्नाशीचे, दोन मुलींचे बाप. तेही खिडकीबाहेर बघत म्हणाले, “देखिए, वो… वो दिखना चाहिए.”

पेढीवाल्यांनी चारदीवारीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सुचवलं. पन्नास वर्षं दगड घासणारा माणूस, नजर अशी की भिंगाशिवाय तडा ओळखतील. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळा रस्ता एकच वाक्य घोकत होते: नर का जनन अंग साफ़ दिखना चाहिए. साधं, शास्त्रीय, शुद्ध हिंदी वाक्य.

उस्ताद पांढऱ्या दाढीचे निघाले, आजोबांच्या वयाचे. “बोलो बेटी, क्या करना है?” त्यांनी विचारलं. शेजारी बाबा उभे. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं वाक्य गिळलं. “नीचे की तरफ़ से… मतलब… अच्छा दिखना चाहिए,” मी म्हणाले.

बाबा मदतीला धावले. “एकदम सुंदर कर दीजिए, उस्ताद. बेटी की परीक्षा है.”

उस्तादांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघून म्हणाले, “हो जाएगा.”

आठ दिवसांनी तुकडा हातात आला तेव्हा मी हरखले. खालची बाजू अशी नितळ की प्राणी आता चालायला लागेल. सवयीने पाय मोजले. सहा.

“एक तरफ़ चार, एक तरफ़ तीन,” उस्ताद समजावून सांगू लागले. “जोड़ नहीं बैठ रही थी. मैंने बराबर कर दिया.” या माणसाचं आयुष्य कानातल्यांच्या जोड्या लावण्यात गेलेलं. डावीकडे जे, ते उजवीकडे, केसभर फरक चालत नाही. डावीकडच्या एका पायाला उजवीकडे जोडीदार नव्हता, म्हणून त्यांनी त्या बाजूचं अंबर पायासकट घासून काढलं होतं. आठ पाय म्हणजे कोळ्याचा गोतावळा, सहा पाय म्हणजे कीटक. सृष्टीतला एक अख्खा वर्ग उस्तादांनी साणेच्या चाकावर बदलून टाकला होता, आणि वर सौजन्याने म्हणत होते, “अब अच्छा लगता है ना?”

मी हसले. खरंच हसले, कारण सात पायांचे फोटो माझ्यापाशी होते. पाय गेला तर गेला. घरी येऊन तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली उलटा ठेवला. पोट दिसलं, झाकण दिसलं, झाकणाची कडसुद्धा दिसली. त्यापुढे काहीच नव्हतं. सुई होती तिथे आरशासारखं गुळगुळीत अंबर. मी तुकडा इकडून तिकडून दहा वेळा फिरवला.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन पुन्हा उस्तादांच्या गल्लीत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून ते घोकलेलं वाक्य एका दमात, गरजेपेक्षा मोठ्याने म्हटलं. शेजारच्या दुकानातली साण थांबली.

उस्तादांनी मान खाली घातली. “वो तो मुझे पहले ही दिन दिख गया था, बेटी. सोचा, लड़की के हाथ में जाएगा, अच्छा नहीं लगेगा. सबसे पहले वही निकाला.”

मी काही बोलणार तेवढ्यात मागून बाबा हात जोडून म्हणाले, “शुक्रिया, उस्ताद.” अगदी मनापासून. मुलीच्या बापाची लाज राखली म्हणून. माझ्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. मी विचारलं, कसं होतं ते, निदान एवढं तरी सांगा. उस्ताद माझ्याकडे बघेचनात. बाबांना हाताने खूण करून ते दाराबाहेर घेऊन गेले आणि कानात काहीतरी सांगितलं. बाबा लालबुंद होऊन परत आले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. बाबा तिच्याशी हळू आवाजात बोलून बाहेर निघून गेले. थोड्या वेळाने पोळपाटावरची नजर न हलवता आई मला म्हणाली, “वाकडी सुई. टोकाशी दोन काटे, एक लांब, एक आखूड. मुळाशी फुगीर. आणि पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढायचा न्हाई.”

मी पीठ सांडलेल्या ओट्यावरच वर्णन लिहून घेतलं. इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही. त्यावरून प्राणी कुठल्याही माहीत कुळात बसत नव्हता. म्हणजे खरोखरच नवा होता. सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. “यह किसने देखा है?” त्यांनी विचारलं. मी मनातल्या मनात साखळी मोजली. आई, बाबा, उस्ताद. सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की पहिल्या दिवशी उस्तादांनी विचारलं होतं तेव्हाही मी असंच तोंड उघडून उभी होते.

“किसी ने नहीं,” मी म्हणाले. प्रबंधात त्या प्राण्यापुढे ‘लिंग अनिश्चित’ असं लिहिलं आहे. अक्षर माझंच आहे.